भाजीतले तीनशे आणि हप्त्यातले दोन हजार

आमचं घर नाशिकला, इंदिरानगरच्या बाजूला. दोन बेडरूमचा फ्लॅट आणि माणसं पाच : मी, नवरा, सासूबाई, मुलगी आणि मुलगा. नवरा अंबडच्या एमआयडीसीत नोकरीला, मी घरून थोडीफार अकाउंट्सची कामं करते. मुलगी तेव्हा दहावीत होती आणि २०२५ च्या जूनपासून तिच्या क्लासचे महिन्याला आठेक हजार उभे करायचे होते. पगारवाढीची काही चिन्हं नव्हती, त्यामुळे जे काही करायचं ते आहे त्याच पैशांत. वर्षभर त्यासाठी जे केलं ते क्रमाने लिहिते आहे. मला हे सगळं करताना एका जागी लिहिलेलं कुठे सापडलं नाही, म्हणून.

जानेवारीत पहिलं काम हिशेबाचं. ‘आजपासून रोजचा खर्च वहीत लिहा’ हा सल्ला सगळे देतात, पण वही दहा तारखेनंतर कुणी उघडत नाही. मी उलटं केलं. मागच्या महिन्यांची बँक स्टेटमेंटं आणि यूपीआयची यादी उतरवून घेतली. ऑक्टोबर-नोव्हेंबर दिवाळीचे म्हणून सोडले आणि ऑगस्ट, सप्टेंबर, डिसेंबर धरले. आजकाल कोथिंबिरीची जुडीसुद्धा स्कॅन करून घेतो आपण, त्यामुळे जवळजवळ सगळं सापडतं. सरासरी अशी निघाली : घराचा हप्ता २५,७३९, किराणा साडेआठ हजार, भाजी-फळं ४,२००, दूध २,७००, लाइट बिल २,४००, सासूबाईंची औषधं १,९००, मोबाइल-वायफाय-टीव्ही मिळून २,३००. बाकी पेट्रोल, शाळेची फी, गॅस, मेंटेनन्स.

साहजिकच आम्ही आधी भाजीवर तुटून पडलो. दारावरची भाजी बंद केली आणि बुधवारी गंगेवरच्या, म्हणजे गोदाकाठच्या, बाजारात जायला लागलो. दोन रुपयांसाठी घासाघीस, संध्याकाळी उशिरा गेलं की मेथी स्वस्त, वगैरे. महिनाअखेर बघितलं तर वाचले तीनशे रुपये, त्यातले शंभर-सव्वाशे पेट्रोलला गेलेले. वर फ्रिजमध्ये दोन जुड्या पालक पिवळा पडलेला. बाजार अजूनही करतो, ताजं मिळतं म्हणून. पण वाचवायचं असेल तर तिथे नाही, हे लक्षात आलं. बहुतेक घरांत हेच असतं असं मला वाटतं. ज्या खर्चात हात आखडता येतो तिथे फार थोडं असतं. जिथे बरंच असतं तिथे अर्ज भरावा लागतो, फोन करून तिष्ठावं लागतं, म्हणून तो विषय आपण पुढे ढकलतो.

मोबाइलचं काम सगळ्यात सोपं, म्हणून ते आधी उरकलं. २८ दिवसांचा प्लॅन म्हणजे महिन्याचा प्लॅन नव्हे, वर्षात त्याची तेरा रिचार्ज होतात. नवऱ्याचा आणि माझा वार्षिक प्लॅन घेतला. सासूबाईंचा साधा बटणांचा फोन, त्यांना डेटा कशाला? दूरसंचार नियामक असलेल्या ट्रायच्या आदेशानंतर जानेवारी २०२५ मध्ये कंपन्यांनी फक्त कॉल आणि एसएमएसचे प्लॅन आणले. ते अॅपवर पहिल्या पानावर दिसत नाहीत, खाली खाली जाऊन शोधावे लागतात. दोन ओटीटी बंद केले. मुलगा चार दिवस रुसला. एकूण महिन्याला नऊशे रुपये कमी झाले.

मार्चमध्ये लाइट बिल घेऊन बसले. बिलाची मागची बाजू कधी वाचली नसेल तर एकदा जरूर वाचा. आमच्या त्या बिलात घरगुती दर असे होते : १०० युनिटपर्यंत ४ रुपये ७१ पैसे, १०१ ते ३०० पर्यंत १० रुपये २९ पैसे. शिवाय प्रत्येक युनिटला वहन आकार, म्हणजे वीज आपल्यापर्यंत आणण्याचे पैसे, १ रुपया १७ पैसे आणि या सगळ्यावर १६ टक्के वीज शुल्क. म्हणजे शंभरच्या पुढचं एक युनिट पडतं तेरा रुपयांहून जास्त. आमचा वापर २३० च्या आसपास, उन्हाळ्यात तीनशेच्या वर. नंतर जुलैपासून दर थोडे बदलले, पण पायऱ्या त्याच राहिल्या. तेव्हा बचतीचा हिशेब सरासरी दराने करू नका. जे युनिट वाचतं ते वरच्या पायरीवरचं, महागाचं असतं.

आमचे तीन पंखे जुने होते, प्रत्येकी ७५ वॅटचे. उन्हाळ्यात पंधरा-पंधरा तास चालायचे. त्यांच्या जागी कमी वीज खाणाऱ्या मोटरचे, २८ ते ३५ वॅटचे बीएलडीसी पंखे बसवले, एक साधारण २,९०० ला, बसवणावळ वेगळी. एका पंख्यामागे महिन्याला वीस युनिट वाचतात, म्हणजे गरमीच्या दिवसांत तिघांचे मिळून आठशे रुपये. थंडीत अर्थातच एवढे नाही. वर्षाच्या आत पैसे वसूल झाले असं म्हणता येईल. गीझरचं गणित त्याहून सोपं : दोन किलोवॅटचा गीझर अर्धा तास चालला की एक युनिट. मुलगा बटण चालू करून पुन्हा झोपायचा, आता तो आंघोळीला उठल्यावर मीच लावते. बिलावर ‘या तारखेपर्यंत भरल्यास’ म्हणून एक कमी रक्कम छापलेली असते, ती तारीख पाळायला लागले. वाचतात वीस-पंचवीस रुपयेच. छपरावरच्या सोलरचाही विषय निघाला होता, पण आमच्या इमारतीची गच्ची सामाईक, त्यावर सोसायटीत एकमत व्हायला दुसरा जन्म लागेल. स्वतःचं छप्पर असणाऱ्यांनी केंद्राची सूर्यघर योजना बघावी. ३ किलोवॅटला ७८ हजारांचं अनुदान आहे.

एप्रिलअखेर वर्षाचा गहू भरला. हे खरं तर सासूबाईंचं खातं. फ्लॅटमध्ये आल्यापासून जागा नाही म्हणून बंद झालं होतं आणि आम्ही पाच किलोच्या पिशव्यांतलं तयार पीठ आणत होतो. निफाडजवळच्या एका शेतकऱ्याकडून आमच्या मजल्यावरच्या तीन घरांनी मिळून लोकवन जातीचा गहू घेतला, आमच्या वाट्याला दीड क्विंटल. ‘अहो आई, पोरकिडे झाले तर सगळाच वाया जाईल,’ मी म्हटलं. ‘अगं, आधी ऊन तर दाखवू त्याला. मग बघू किडे कुठून येतात ते.’ गच्चीवर जुन्या चादरींवर दोन दिवस गहू कडकडीत वाळवला. मग सासूबाईंनी परातीत पायली-दोन पायली घेऊन तळहाताला एरंडेल लावलं आणि दाणे दोन्ही हातांत चोळत राहिल्या, दाण्याला नुसती चकाकी येईपर्यंत. तेल जास्त झालं तर दळताना गिरणीवाला कुरकुरतो. कोठीत खाली आणि वर कडुनिंबाचा वाळलेला पाला. डिसेंबरपर्यंत एक किडा नाही. निवडणं आणि दळणाचे पैसे धरूनही तयार पिठापेक्षा महिन्याला तीन-साडेतीनशे कमी लागतात. पण एका वेळी पाच हजारांवर रक्कम काढावी लागते आणि ती सगळ्यांना जमतेच असं नाही, हेही खरं.

आता मुख्य गोष्ट, हप्त्याची.

७ फेब्रुवारी २०२५ ला रिझर्व्ह बँकेने रेपो दर, म्हणजे ती बँकांना ज्या व्याजाने पैसे देते तो, साडेसहावरून सव्वासहा टक्के केला. बातम्यांत ‘हप्ते स्वस्त होणार’ म्हणून दिवसभर चाललं होतं. आमचा हप्ता जागचा हलला नाही. कर्ज एका गृहवित्त कंपनीचं, व्याज ९.४० टक्के, बाकी रक्कम २४ लाख, उरलेली वर्षं चौदा. कस्टमर केअरला विचारलं तर कळलं की आमचा दर कंपनीच्या स्वतःच्या दराला बांधलेला आहे, रेपोला नाही. ऑक्टोबर २०१९ पासून बँकांना नवी बदलत्या व्याजाची गृहकर्जं रेपोसारख्या बाहेरच्या दराला जोडावीच लागतात. गृहवित्त कंपन्यांना ते बंधन नाही. तुमचं कर्ज कुठल्या दराला जोडलेलं आहे हे मंजुरीपत्रात लिहिलेलं असतं. तेवढं आधी बघा.

मार्चमध्ये कंपनीला दर कमी करण्याबद्दल लेखी विचारलं. उत्तर यायला दोन आठवडे गेले : बाकी रकमेच्या अर्धा टक्का शुल्क आणि त्यावर जीएसटी, म्हणजे १४,१६० रुपये भरा, दर ८.८५ होईल. हप्ता पावणेआठशेनी कमी. मी फोनवर त्या मुलीला म्हटलं, नव्या ग्राहकाला तुम्ही याहून कमी दराने देता ना? ती म्हणाली, ‘मॅडम, ती स्कीम वेगळी आहे.’ नवरा म्हणत होता, असू दे, कुठे धावपळ करायची. पण तोवर मी एका सरकारी बँकेत चौकशी करून आले होते. ९ एप्रिलला रेपो पुन्हा उतरून ६ टक्के झाला आणि त्या बँकेचा दर ८ वर आला. २४ लाखांवर चौदा वर्षांना हप्ता २३,७९२. म्हणजे महिन्याला १,९४७ रुपये कमी. इतके पैसे वाचवायला किती पालकाच्या जुड्या लागतील हे मी नवऱ्याला सांगितलं आणि विषय मिटला.

बदलत्या व्याजाच्या गृहकर्जावर मुदतीआधी फेड केली म्हणून व्यक्तीकडून दंड घेता येत नाही, हे माहीत असू द्या. फोनवर कुणीतरी ‘चार्जेस लागतील’ असं मोघम बोलून घाबरवतं; कुठले, किती, लेखी द्या म्हणावं.

कागदांची यादी लांब आहे. पगाराच्या तीन स्लिपा, दोन वर्षांचे फॉर्म १६ आणि रिटर्न, सहा महिन्यांचं बँक स्टेटमेंट, कर्जखात्याचं वर्षाचं स्टेटमेंट, खरेदीखत आणि इंडेक्स २ (खरेदीच्या नोंदणीचा उतारा) यांच्या प्रती, बांधकाम पूर्णत्वाचा दाखला, सोसायटीचं भागपत्र, मेंटेनन्सची ताजी पावती. हे सगळं आपल्या हातात. दोन कागद मात्र जुन्या कंपनीकडूनच मिळतात : त्यांच्या ताब्यात असलेल्या मूळ कागदांची यादी आणि कर्ज बंद करण्याच्या रकमेचं पत्र. इथे खरा वेळ जातो. आधी तिथला माणूस ‘दर आणखी कमी करून देतो, जाऊ नका’ म्हणतो. म्हणजे मार्चमध्ये जे अशक्य होतं ते मेमध्ये शक्य झालं! तरी आम्ही नाही म्हटलं. मग साहेब रजेवर, मग सिस्टीम बंद. मी शेवटी अर्ज दोन प्रतींत नेला आणि एकीवर शिक्का-तारखेसह पोच घेतली. नंतरचं काम भराभर झालं. रकमेच्या पत्राला मुदत असते आणि त्यात रोजचं व्याज दिलेलं असतं, म्हणून ते नव्या बँकेची मंजुरी हातात आल्यावरच मागा. आधी मागितलं तर पुन्हा शुल्क भरून नवं घ्यावं लागतं.

नव्या बँकेच्या वकिलाने मालमत्तेचा शोध घेतला, त्यांच्याच माणसाने येऊन फ्लॅटचं मूल्यांकन केलं. तो टेप घेऊन बाल्कनी मोजत होता आणि सासूबाईंना वाटलं घर विकायला काढलं. त्या दिवशी जेवल्या नाहीत. मेच्या शेवटी मंजुरी आणि जूनच्या दुसऱ्या आठवड्यात जुन्या कंपनीच्या नावाने डिमांड ड्राफ्ट. प्रक्रिया शुल्क त्या वेळी माफ होतं. वकील, मूल्यांकन, मुद्रांक शुल्क आणि दुय्यम निबंधकाकडे गहाणाची सूचना दाखल करण्याचा खर्च मिळून साडेसतरा हजारांच्या आसपास गेले. ही सूचना महाराष्ट्रात तीस दिवसांत दाखल करावीच लागते. बँक करून देते म्हणाली तरी तिची पावती मागून ठेवा. साडेसतरा हजार भागिले १,९४७, म्हणजे नऊ महिन्यांत खर्च वसूल. तुमची चार-पाच वर्षंच उरली असतील तर हिशेब जमेलच असं नाही, कारण शेवटी शेवटी हप्त्यात व्याज थोडंच उरतं.

कर्ज बंद झालं पण मूळ कागद काही येईनात, आणि ते जमा होईपर्यंत नवी बँक सारखे फोन करणार. दुसऱ्या शहरातल्या गोडाउनमधून मागवलेत, एवढंच उत्तर. रिझर्व्ह बँकेच्या नियमाप्रमाणे, १ डिसेंबर २०२३ पासून, कर्ज पूर्ण फिटल्यावर तीस दिवसांत मूळ कागद परत द्यावे लागतात आणि त्यांच्यामुळे उशीर झाला तर रोज ५,००० रुपये भरपाई. मी ओरडाआरडा केला नाही. एवढा एक नियम, कर्ज बंद झाल्याची तारीख आणि तीसावा दिवस कोणता, असं तीन ओळींचं ईमेल तक्रार अधिकाऱ्याला पाठवलं. त्याच आठवड्यात बोलावणं आलं. घेताना एकेक कागद यादीशी ताडून घेतला. खरेदीखताबरोबरची नोंदणीची मूळ पावती एका दुसऱ्याच पाकिटात निघाली. ती तिथेच राहिली असती तर शोधत बसायची वेळ आली असती.

कर्ज बदलणाऱ्यांसाठी अजून दोन गोष्टी. जुन्या हप्त्याचा ऑटो-डेबिट आपल्या बँकेतून रद्द करून घ्या, तो आपोआप थांबेल यावर विसंबू नका. आणि जुन्या कर्जाबरोबर विमा गळ्यात मारलेला असेल तर तो सरेंडर करता येतो. आमचे त्यातले काही हजार ऑगस्टमध्ये परत आले. महिनाभराने सिबिलवर, म्हणजे आपल्या कर्जांच्या नोंदीत, जुनं खातं ‘बंद’ दिसतंय का तेही बघितलं.

६ जूनला रेपो साडेपाच झाला होता. रेपोला जोडलेल्या कर्जात दर किमान तीन महिन्यांतून एकदा बदलावा लागतो, तसा सप्टेंबरात आमचा साडेसात झाला. बँकेने हप्ता तोच ठेवला आणि मुदत कमी केली. अर्ज दिला तर हप्ता सातशेच्या आसपास उतरला असता. आम्ही नाही दिला. सात-आठ हप्तेच कमी होताहेत तर होऊ देत. ज्यांना महिन्याचीच ओढाताण आहे त्यांनी जरूर अर्ज द्यावा.

या धावपळीच्या मध्येच जुलैत औषधांचा विषय घेतला. सासूबाई एकाहत्तर वर्षांच्या, त्यांना बीपी, शुगर आणि कोलेस्टेरॉलच्या गोळ्या चालू. मी नेहमीच्या डॉक्टरांना सरळ विचारलं, जनऔषधीतून, म्हणजे सरकारी योजनेतल्या स्वस्त औषधांच्या दुकानातून, घेतल्या तर चालतील का. ते म्हणाले, चालतील, आणि चिठ्ठीवर कंपनीच्या नावाऐवजी औषधाचं मूळ नाव आणि मात्रा लिहून दिली : टेल्मिसार्टन ४०, मेटफॉर्मिन ५००, अॅटोरव्हास्टॅटिन १०. सासूबाईंचा मात्र विरोध. ‘आता म्हातारीला स्वस्तातली औषधं का?’ मी जुनी पट्टी आणि नवी पट्टी शेजारी ठेवून दोन्हींवरचं बारीक अक्षरातलं नाव त्यांना भिंगातून वाचायला लावलं. पुढचे काही आठवडे घरच्या मशीनवर बीपी बघून भिंतीवरच्या कालनिर्णयात लिहायचं ठरलं, आणि आकडे पहिल्यासारखेच आले तेव्हा कुठे त्यांचं समाधान झालं. शुगरची तपासणी डॉक्टरांनी सांगितल्याप्रमाणे केली. एक गोळी तिथे कधी असते, कधी नसते, ती अजून नेहमीच्या मेडिकलमधूनच येते. जनऔषधी सुगम अॅपवर जवळचं केंद्र सापडतं, पण जाण्याआधी फोन करून गोळी आहे का ते विचारा, आणि हातात एक पट्टी शिल्लक असतानाच जा. १,९०० चे ६५० झाले. डॉक्टरांना न विचारता हा बदल करू नका, हे वेगळं सांगायला नको.

काही बचत आमच्या हातपाय हलवण्याशिवायच झाली. २२ सप्टेंबर २०२५ पासून साबण, शाम्पू, टूथपेस्टवरचा जीएसटी १८ वरून ५ टक्के झाला आणि वैयक्तिक आरोग्य विम्यावरचा पूर्ण गेला. आमच्या मेडिक्लेमचं नूतनीकरण ऑक्टोबरात असतं. मूळ हप्ता वाढवून ठेवलेला होताच, तरी भरायची रक्कम गेल्या वर्षीपेक्षा कमी आली.

डिसेंबरचा हिशेब : हप्ता, औषधं, लाइट, मोबाइल आणि पीठ मिळून महिन्याला पाच हजारांच्या थोडं वर कमी जातात. थंडीत पंखे बंद म्हणून लाइटचा वाटा त्यात लहान. क्लासच्या आठ हजारांना ते पुरत नाहीत. उरलेल्यासाठी मी आणखी एका दुकानाचं जीएसटीचं काम घेतलं आहे. किराणा कमी झालाच नाही. मॉलमधून एकदम भरायचा प्रयोग केला, तर बिल वाढलं, कारण मुलं बरोबर होती. दुधाला आम्ही हात लावला नाही.

एक काम अजून लटकलेलं आहे. सोसायटीच्या दफ्तरात आमच्या फ्लॅटवर जुन्या कंपनीच्या बोज्याची नोंद आहे. ती काढून नव्या बँकेची लावायला कंपनीचं ना-हरकत पत्र आणि बँकेचं पत्र, दोन्ही सेक्रेटरींकडे दिलंय. पुढच्या कमिटी मीटिंगमध्ये घेतो म्हणाले. पोच घेतली आहे.